पोपट, आत्ती आणि बेंगळूरचा रविवार

माझी नात बेंगळूरला नोकरी करते. रविवारी ती पैसे भरून कुठंतरी जाते आणि मातीचा गोळा चाकावर ठेवून त्याचं वाटोळं करते. मग फोटो पाठवते. वाडगा आहे म्हणे. त्यात ताक ओतलं तर एका बाजूनं सांडेल, एवढं मला चष्म्याशिवायही दिसतं. पण पोरगी खूश असते, चेहऱ्याला चिखल लागलेला असतो, आणि तिला वाटतं की सुट्टीच्या दिवशी हातानं काहीतरी करायचं आणि मग शहरभर हिंडायचं ही गंमत तिच्याच पिढीनं शोधून काढली. तसं नाही. तिच्याहून लहान होते तेव्हा मी त्याच गावात दहा दिवस कापडं रंगवली आहेत आणि दोन मजली बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून हिंडले आहे. ते लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत. जिथं चुकलं तिथं नातवानं सुधारलं आहे, आणि त्यानं जिथं फार शहाणपणा केला तिथं मी परत माझं घातलं आहे.

आमचं घर निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढं पडवी. गल्लीत सगळीकडं तंबाखूचा वास, पण तो आम्हाला कधी आला नाही. घरात पाहुणा आला की उंबऱ्यावरच शिंकायचा, त्यावरून कळायचं की हा बाहेरगावचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, वखारीत पोती उचलायचे. आई, मी आणि माझी आत्ती विड्या वळायचो. आत्ती म्हणजे अण्णांची थोरली बहीण, तानूबाई. नवरा गेल्यावर सदलग्याहून आमच्याकडं आली ती कायमची. पडवीत तिघींची तीन सुपं. भिजवलेलं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवायचं, कात्रीनं कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. दिवसभर कात्र्यांचा कचकच आवाज. कधीतरी तो थांबला तर शेजारची बाई विचारायला यायची, "काय गं, कोण आजारी हाय काय?"

आमच्या घरात रविवार नव्हता. ज्याला पगार असतो त्याला रविवार असतो. आम्हाला जेवढं वळू तेवढं मिळायचं. दिवाळीला सुट्टी घ्यायची तर आधीचा आठवडा रात्री जागून भरून काढायचा. लग्नाला गेलो तरी बायका सूप बरोबर न्यायच्या आणि मांडवात बसून नवरीला नावं ठेवत वळायच्या. मी नुसती बसलेली दिसले की आत्ती म्हणायची, "हात काय भाड्यानं दिल्यास काय गं?" ती वाईट नव्हती. तिला रिकामा हात बघवत नव्हता, जसं काहींना उघडं कपाट बघवत नाही.

मला काय पाहिजे होतं ते आधीच सांगते. सोनं नको होतं. शाळाही नको होती, शाळेत मास्तर मारायचे. मला एक अख्खा दिवस पाहिजे होता, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, ज्यात हातात काही नसेल. आयुष्यात असा एक दिवस कसा लागतो ते बघायचं होतं. बास.

तर एका उन्हाळ्यात बेळगावहून एक बाई आमच्या गल्लीत आल्या. विडी वळणाऱ्या पोरींना दहा दिवस बेंगळूरला नेऊन काहीतरी हातकाम शिकवायची सरकारची योजना होती. जाणं-येणं, राहणं-खाणं फुकट. आणि शेवटच्या रविवारी लालबाग दाखवणार. बाईंनी बाकी पुष्कळ सांगितलं, स्वावलंबन वगैरे. माझ्या कानात लालबाग आणि रविवार एवढंच राहिलं. अण्णांनी सरळ नाही म्हटलं. "बेंगळूर म्हंजे काय चिकोडी हाय व्हय, सकाळी जाऊन सांजच्याला परत याला?"

तेवढ्यात आत्ती सुपावरनं मान वर न करता म्हणाली, "मी जाते की संगं."

आत्ती कोल्हापूरच्या पलीकडं कधी गेलेली नव्हती. बाई तर खूशच झाल्या, पोरींवर लक्ष ठेवायला एक मोठी बाई त्यांना पाहिजेच होती. मीही खूश झाले, पण थोडाच वेळ. कारण आत्ती पुढं म्हणाली, "पानं आनि जर्दा संगं घेऊन जातो. दिसा पोरगी शिकंल, रातच्याला दोघी वळू. आनि ते रविवारचं काय बाग-बीग म्हनत्यात, त्या दिशी निवांत बसून आठवड्याचं सगळं उरकू."

म्हणजे माझा रविवार निपाणीतच बुडाला होता. तरी मी गेले. पुढचं पुढं बघू म्हटलं.

बेळगावहून रेल्वे. आम्ही गल्लीतल्या आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस पोरी आणि आत्तीचं तंबाखूचं गाठोडं. ते तिनं बाकाखाली ठेवलं. गाडी सुटून अर्धा तास झाला नाही तोवर सगळा डबा शिंकायला लागला. माणसं एकमेकांकडं संशयानं बघायला लागली, मग एकेक करून दुसऱ्या डब्यात गेली. आम्हाला पाय पसरून झोपायला मिळालं. माझी मैत्रीण हौसा म्हणाली, "आत्ती, तुमच्यामुळं फस्ट क्लास झाला बघा."

बेंगळूरचं वसतिगृह मोठं होतं, मागं अंगण, अंगणात दोऱ्या बांधलेल्या. पहाटे कुठंतरी देवळात भोंगा लागायचा आणि खालच्या रस्त्यावर कॉफीवाल्याच्या भांड्यांचा आवाज. पहिले दोन दिवस मला झोपच नीट लागली नाही, कात्रीचा आवाज नव्हता म्हणून. जेवायला तिन्ही त्रिकाळ भात. आम्ही भाकरीवर वाढलेल्या पोरी, भात खाऊन उठलो की तासाभरात परत भूक. एका रात्री नाचणीचा मोठा गोळा वाढला, मुद्दे म्हणतात त्याला. तो चावायचा नसतो, साराला लावून नुसता गिळायचा असतो. आत्तीनं तो चावायला घेतला आणि तिचे दात एकमेकांना चिकटले. वाढणारी बाई हसून हसून खाली बसली. आत्तीला बोलता येत नव्हतं म्हणून तिनं डोळ्यांनी शिव्या दिल्या. त्यानंतर ती निपाणीहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून बसायची, आणि पोरी तिच्याभोवती मांजरासारख्या गोळा व्हायच्या.

शिकवायला सरोजा मेडम होत्या. उंच, केस कानापर्यंत कापलेले, नखांत कायम रंग. कानडीत बोलायच्या, मधून हिंदी. आमचं कानडी बाजारातलं, त्यांचं बेंगळूरचं, तरी भागायचं. त्या आम्हाला बाटिक शिकवत होत्या. पांढऱ्या कापडावर गरम मेणानं चित्र काढायचं, मग कापड थंड रंगाच्या पाण्यात बुडवायचं. जिथं मेण तिथं रंग लागत नाही. नंतर उकळत्या पाण्यात मेण काढलं की चित्र उरतं. मेणाला वाळल्यावर तडे जातात, त्या तड्यांतून रंग आत शिरतो आणि कापडावर बारीक रेघांचं जाळं होतं. पहिल्यांदा ते बघून मी घाबरले, मला वाटलं माझं कापड फुकट गेलं. मेडम म्हणाल्या, असंच पाहिजे. मला ते पटायला वेळ लागला. आमच्याकडं विडीला जरा चीर दिसली की कारखान्यातला माणूस ती बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणायचे. छाट निघालेल्या विडीचे पैसे नाहीत. लहानपणापासून आमचा सगळा जीव त्या छाटेत अडकलेला.

पण मला तिथं फार बरं वाटायचं, हे कबूल करते. मेणाचा वास मला अजून आवडतो. स्टोव्हवर मेण तापत असायचं, पोरी खाली मांडी घालून कापडावर वाकलेल्या, कुणीतरी गुणगुणत असायची, आणि कोपऱ्यात आत्ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. मेडमनी तिला पहिल्या दिवशी एक ब्रश देऊ केला होता. आत्ती म्हणाली, "मला काम हाय." संध्याकाळी मेडम आम्हाला जवळपास फिरवायच्या. फुलांचा बाजार, एक देऊळ, एका हॉटेलात उभ्यानं प्यायची कॉफी. आत्ती आली नाही. अंधार पडायच्या आत मला परत यावं लागायचं, कारण माझंही सूप तिथं वाट बघत असायचं.

मधल्या एका दिवशी मेडमनी प्रत्येकीला उपरण्याएवढं मोठं कापड दिलं. म्हणाल्या, यावर आपापल्या मनातलं काहीही काढा. तीन-चार दिवस घ्या. आज मला ऑफिसात काम आहे, चारला येते.

त्या गेल्या आणि आम्ही एकमेकींकडं बघितलं. मनातलं काढा म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही. पण काम दिलेलं आहे आणि ते संपलं की आपण मोकळ्या, हे सगळ्यांना कळलं. मी म्हटलं, "हौसा, आपापलं वेगळं-वेगळं करण्यात चार दिवस जातील. वाटून घेऊया की." एक तेलाचा रिकामा डबा होता. त्याचा पत्रा कापून मी पोपटाचा फर्मा केला. पोपट का, तर तो सोपा. मग दोघी तिघी फर्मा ठेवून पेन्सिल फिरवायला, चौघी मेणाला, चौघी रंगाला, उरलेल्या वाळत घालायला आणि मेण काढायला. मी मध्ये उभी राहून हाका मारत होते. आत्तीनं पहिल्यांदाच सूप बाजूला ठेवलं आणि एकेक कापड उजेडात धरून तपासायला लागली. "ह्येच्या शेपटीला रंग लागलाय. परत कर." दुपारच्या जेवणाआधी दोऱ्यांवर सगळी कापडं लागली. प्रत्येकावर हिरव्यात पांढरा पोपट. तीच चोच, तीच शेपूट, त्याच जागी.

काम संपलं. मग आम्ही बाहेर पडलो.

ती दुपार मला अजून तोंडपाठ आहे. कोपऱ्यावर दोन मजली बस आली, आम्ही तिच्या वरच्या मजल्यावर चढलो आणि पुढच्या काचेला नाक लावून बसलो. झाडांच्या फांद्या काचेवर आपटायच्या आणि आम्ही सगळ्या एकदम खाली वाकायचो. खाली माणसांची टकलं दिसायची. हौसा म्हणाली, "वरनं बघितलं की समदी माणसं गरीब दिसत्यात." बस शेवटच्या थांब्यावर गेली, आम्ही उतरलोच नाही, त्याच बसनं परत आलो, मग परत गेलो. कंडक्टर म्हणाला, तुम्हाला जायचंय कुठं? शालन नावाची पोरगी होती, धीट, ती म्हणाली, "अजून ठरलं न्हाय." आत्तीसुद्धा आली होती. पोरी एकट्या जाऊ नयेत म्हणून. वर चढायला मात्र तयार नव्हती, खालच्या मजल्यावर जर्द्याची पिशवी धरून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिंका येत होत्या.

परत आलो तेव्हा मेडम फाटकात उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. पोरी पळून गेल्या की कुणी नेल्या, असं त्यांना वाटलं असणार. आता मला कळतं, तेव्हा नाही कळलं. आम्ही सगळ्या दिसल्यावर त्यांनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं. दोऱ्यांवर पोपट हलत होते. मेडमनी एक बघितला, दुसरा बघितला, शेवटपर्यंत चालत गेल्या.

"यल्ला ओंदेना?" त्या म्हणाल्या. सगळं एकच?

"हौदु, हौदु," होय होय करत आत्ती पुढं झाली. "एकसारखं हाय. मी सोता बघितलंय. एक बी छाट न्हाय."

मेडमना हसावं की रडावं कळेना. त्या पायरीवर बसल्या. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं, की हे काम नाही, हे कारखान्यात द्यायचं नाही, दोन कापडं सारखी दिसली तर तीच छाट. आम्हाला हे इतकं उलटं वाटलं की शालन म्हणाली, "मेडमना उन्ह लागलं काय?" शेवटी त्यांनी नियम घातला. नवीन कापड मिळेल. प्रत्येकीनं एकटीनं करायचं, फर्मा नाही. शनिवारी संध्याकाळी जिचं स्वतःचं कापड दोरीवर असेल ती रविवारी लालबागेत येईल. बाकीच्यांनी वसतिगृहात थांबायचं.

आत्तीनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. "मंगली थांबंल," ती म्हणाली. मंगली म्हणजे मी. "तिला न्हाय जमायचं. मी शनवारी रातच्याला पानं भिजत घालते."

शुक्रवार मी नुसती कापडासमोर बसून काढला. खरं सांगते, मला काही सुचत नव्हतं. हौसानं बैल काढला, तो डुकरासारखा दिसत होता पण तिचा होता. शालननं दोन मजली बस काढली. एका पोरीनं नुसत्या रेघा मारल्या आणि म्हणाली, हा पाऊस. माझा हात कापडावर गेला की आपोआप पोपट यायचा. खोडायचे, परत पोपट. फर्मा केला होता मी, आणि तो बाकीच्यांच्या डोक्यातून निघून माझ्याच डोक्यात बसला होता. लोक म्हणतात कलाकाराला यातना होतात. मी कलाकार नव्हते, मला लालबाग पाहिजे होती, तरी यातना तेवढ्याच झाल्या.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. बाकीच्या पोरींची कापडं रंगात होती. माझं पांढरंच. कोपऱ्यात आत्तीला डुलकी लागली. सूप मांडीवर, पाठ भिंतीला, तोंड उघडं, खालचा एक दात दिसतोय, कपाळावर पदर घसरलेला, आणि हातात अर्धी वळलेली विडी. झोपेतसुद्धा अंगठा हळूहळू फिरत होता. मी रागानं तिच्याकडं बघत होते. उद्या हिच्याबरोबर दिवसभर बसावं लागणार. बघता बघता ब्रश मेणात बुडवला आणि पेन्सिलीशिवाय सरळ कापडावर ओढला. मेण खोडता येत नाही, म्हणून थांबताही येत नाही. नाक, तोंड, दात, सूप, अंगठा. ती जागी व्हायच्या आत सगळं उतरवलं. एकच रंग द्यायला वेळ उरला होता, मी जर्द्यासारखा तपकिरी घेतला.

मेण काढून कापड दोरीवर टाकलं तेव्हा ऊन उतरलं होतं. हौसानं बघितलं आणि ती किंचाळलीच. "अगं बाई! आत्ती!" पोरी धावत आल्या. एकेक जण पोट धरून हसायला लागली. हसण्याचा आवाज ऐकून आत्ती उठून अंगणात आली.

"काय झालंय? ही कोण हाय?"

"तुमीच की, आत्ती."

"मी? तोंड का उघडं हाय माझं?"

"झोपल्यावर असतंय तुमचं," शालन म्हणाली.

"कोन म्हनतंय?"

"सगळं वसतिगृह म्हनतंय. घोरता बी."

आत्ती जवळ गेली. मेणाच्या तड्यांतून शिरलेला रंग तिच्या चेहऱ्यावर बरोबर सुरकुत्यांसारखा पसरला होता. ते मी केलेलं नव्हतं, ते मेणानं केलं होतं, पण तिला कोण सांगणार. तिनं हात वर केला आणि कापड दोरीवरनं ओढलं. "मंगले, हे आत्ताच्या आत्ता परत रंगात बुडव. काळ्या. लोकास्नी वाटंल तानूबाई नुसती झोपाच काढती."

मेडम अजून आल्या नव्हत्या. कापड दोरीवर नसेल तर मी लालबागेत नाही. मी दुसरं टोक धरलं. "आत्ती, सोड. माझं हाय ते."

"तोंड माझं हाय!"

"काढलंय मी!"

अशा आम्ही दोघी कापड ओढत असताना मेडम आल्या. त्यांनी दोघींकडं बघितलं, मग कापडाकडं, मग आत्तीकडं, परत कापडाकडं. आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की आत्तीनं आपलं टोक सोडून दिलं. मेडमनी कापड नीट झटकून दोरीवर टाकलं. म्हणाल्या, हे मी शंभर बायकांत ओळखीन.

आत्ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली. आम्ही वाट बघत होतो. शेवटी ती म्हणाली, "नाक एवढं मोठं न्हाय माझं."

"हाय," हौसा म्हणाली.

"तू गप. बैल काढलाईस का डुक्कर ते आधी ठरीव." मग ती मेडमकडं वळली. "मेडम, हितं मी झोपल्याली हाय. तुमी म्हनाल ही बाई अशीच. तवा उद्या मी बी येनार बागेत. जागी हाय ते बघा सगळ्यांनी."

नातवानं हे वाचून विचारलं, पुढं तुम्ही चित्रं का काढली नाहीत? नाही काढली. निपाणीत मेण तापवायला कुणाला वेळ होता? लग्न झालं, पोरं झाली, विड्या वळल्या. ते कापड आत्तीनंच नेलं. भिंतीवर वगैरे लावलं नाही तिनं, उशीला घातलं. स्वतःच्या तोंडावर तोंड ठेवून झोपायची, फाटेपर्यंत.

परत त्या शनिवारी येते. पानं मात्र आत्तीनं दुपारीच भिजवून ठेवलेली होती. भिजलेलं पान टाकवत नाही, बुरशी धरते. म्हणून रविवारी सकाळी ती ओल्या फडक्यात पानं, जर्द्याची पिशवी, कात्र्या आणि दोन्ही सुपं असं सगळं घेऊन बसमध्ये चढली. माझ्याकडं बघून म्हणाली, "फिरू की. बसंल तिथं वळू." लालबागेला निघाले होते, पण हात रिकामे राहतील असं काही दिसत नव्हतं.

लालबाग मोठी आहे, तिचं वर्णन मी करणार नाही, ज्याला बघायची त्यानं जावं. एवढी पानं झाडावर, न कापलेली, मी पहिल्यांदाच बघत होते. मेडमनी काचेचं घर दाखवलं, मोठा खडक दाखवला, तळं दाखवलं. दुपारी एका जुन्या झाडाखाली आम्ही चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला पिवळा भात, आणि उरलेली कडक भाकरी खाल्ली. जेवण झाल्या-झाल्या आत्तीनं सुपं काढली आणि एक माझ्याकडं सरकवलं. मी कात्री हातात घेतली. दोन-चार पानं कापली असतील तेवढ्यात शिट्टी वाजली. बागेचा रखवालदार, मिशीवाला. बागेत तंबाखू चालत नाही म्हणाला.

"मी वढत न्हाय बाबा, वळतीया."

चालत नाही म्हणजे चालत नाही. उचला, नाहीतर बाहेर. आत्तीनं त्याला कानडीत, मराठीत आणि थोडं हिंदीत समजावलं. तो तिन्ही भाषांत नाही म्हणाला. वर पिशवी उचलून फाटकाजवळच्या खोलीत घेऊन गेला, जाताना घेऊन जा म्हणाला. जाता जाता शिंकला.

आत्ती बसून राहिली. तिनं हात मांडीवर ठेवले. मग बगलेत घातले. मग पदराचं टोक पिळलं, गवत उपटलं, बोटं मोडली. मी बाजूला बसले होते आणि भीतीनं हलत नव्हते, मला वाटलं आता ही म्हणेल चला परत. पोरी तळ्याकडं पळाल्या होत्या. वारा होता, सावली होती, कुठंतरी एक मूल फुग्यासाठी रडत होतं. आत्तीचे हात केव्हा थांबले ते मला कळलं नाही.

"सदलग्याला असताना," ती एकदम म्हणाली, "धुनं झाल्यावर मी नदीवर अशीच बसायची. सासूची हाक येईस्तवर."

"मग?"

"मग काय. हाक यायची."

मी पाय पसरले. नंतर आडवी झाले. तिनं हात भाड्यानं दिल्याचं काही विचारलं नाही. वर पानं होती, त्यांच्यात आभाळाचे तुकडे. मी एकही पान मोजलं नाही, कापायला चांगलं आहे की नाही तेही बघितलं नाही. सांगते, दिवसभर काही न करणं अवघड असतं असं लोक म्हणतात. मला अजिबात अवघड गेलं नाही.

ऊन कलल्यावर सरोजा मेडम आल्या. चला म्हणाल्या, एक राजवाडा बघायचा राहिला आहे, बस फाटकात उभी आहे, पोरी सगळ्या चढल्या. मी उठून बसले आणि आत्तीकडं बघितलं. आत्ती उठली नाही.

"तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली. "राजवाडा बघा. आमी हितंच हाय."

मेडमनी वाकून विचारलं, तब्येत बरी नाही का?

"बरी हाय की."

मग इथं काय करायचंय?

"काय न्हाय."

मेडमनी फाटकाकडं बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. मग चपला काढल्या, साडी सावरली आणि आमच्या शेजारी गवतावर बसल्या. तिकडं ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मेडम दचकून उठायला लागल्या तशी आत्तीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"वाजवू दे," ती म्हणाली.